शिल्लक

गिरणी बंद पडली तेव्हा माझ्या हातात
स्टोअरच्या किल्ल्यांचा जुडगा होता आणि मोजायची सवय.
जुडगा परत केला.

आता लष्करातल्या या वृद्धाश्रमात
जिन्याखालच्या खोलीत बसतो.
डायपर, मोठे, दहाचं पाकीट.
रबरी चादरी. कडुनिंबाचे साबण.
कवळी बुडवायच्या डब्या, झाकणासकट.
खोबरेल, पावडर, कापूस,
आणि ग्वाल्हेरच्या थंडीत टाचांना लावायचं व्हॅसलीन.
एक तारखेला दाल बाजाराकडून टेम्पो येतो.
आवक, जावक, शिल्लक.

वर, दुसऱ्या मजल्यावर, रेशमा सिस्टर
सकाळ-संध्याकाळ दुखणं मोजते.
तिच्याजवळ एक कार्ड आहे, सहा चेहऱ्यांचं,
हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
"दर्द कितना? ज़ीरो से दस?"
त्र्यंबकराव मुळ्ये शून्य म्हणतात.
चाळीस वर्षं गणित शिकवलं,
शून्यावर त्यांचा विश्वास आहे.
अनसूयाबाई खेडकर हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतात.
त्यांना वाटतं,
यातला कुठला आवडला ते विचारतायत.

एकदा मी तिथेच होतो. मराठीत विचारून पाहिलं,
काकू, दुखतं का?
"दुखत नाही रे.
गुडघ्यात ठणका आहे, कमरेत चमक भरते,
खांद्यातून एक कळ निघते ती करंगळीपाशी विझते,
आणि रात्री पोटऱ्यांना नुसती रग.
दुखतं असं नाही."
क्या बोलीं? सिस्टरने विचारलं.
मी कार्डाकडे पाहिलं.
सहाच चेहरे.

माझ्या वहीत मात्र ते आपोआप उतरतं.
मुळ्यांचा साबण अडीच महिने झिजलेला नाही,
म्हणजे पावलांपर्यंत हात पोचत नाही.
टूथपेस्ट मधूनच दाबलेली, म्हणजे बोटं मिटत नाहीत.
माझीही हल्ली मधूनच असते, ते वेगळं.
अनसूयाबाईंना दिवाळीला दिलेला कंगवा
अजून दुकानातल्यासारखा, एक केस नाही त्यात.
त्या म्हणतात,
या वयात कशाला नट्टापट्टा.

जानेवारीअखेर ट्रस्टी कुलश्रेष्ठजी वही चाळत म्हणाले,
वा, एकवीस डायपर शिल्लक! असंच चालू द्या.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
संध्याकाळी बाड्यावर टेम्पोची वाट बघताना
थंडीने हात खिशात गेले, आणि मग आठवलं:
एकवीस. कुणाचे?

खोली चारचे.
एकवीस वेळा अनसूयाबाई आयाला म्हणाल्या होत्या,
राहू दे ग, कोरडंच आहे.
कारण कुशीवर वळवलं की खुब्यातून जे जातं
त्याला त्यांच्याकडेसुद्धा शब्द नाही.
आया सांगत होती, ओठ मिटून घेतात,
आणि पलंगाचा कठडा धरलेली बोटं
पांढरी पडतात.
एकवीस रात्री ओल्यात. बाहेर चार अंश.
आणि मी हिरव्या शाईने बचत दाखवून
खाली दुहेरी रेघ मारली होती, पट्टीने.

सिस्टरला वही नेऊन दाखवली.
तिने कार्ड नाही काढलं.
डॉक्टरांना फोन लावला.
आता बदलायच्या अर्धा तास आधी गोळी,
मग दोघींनी मिळून, चादरीसकट, सावकाश वळवायचं.
सिस्टर चेहरा बघत नाही त्या वेळी.
कठड्यावरची बोटं बघते.

फेब्रुवारीत खर्च वाढला.
कुलश्रेष्ठजींनी कारण मागितलं.
शेऱ्याच्या रकान्यात जागा इंचभर.
मी लिहिलं: जानेवारीची शिल्लक चुकीची होती.
आणि सही केली, जरा हललेली.

मुळ्ये अजून शून्यच म्हणतात.
त्यांच्या नावे लांब दांड्याचा ब्रश मागवलाय,
पाय घासायचा.
दुकानदार म्हणतो, पुढच्या टेम्पोत.